चार बोटं सैल

श्रीबसवेश्वर प्रसन्न
गुलबर्गा, १८ ऑक्टोबर १९५१

चि. काशप्पास वीरभद्रप्पाचे अनेक आशीर्वाद.

दसऱ्याच्या आधी तू मोटारीवर टाकलेला गठ्ठा काल पोचला. घोंगडीच्या बत्तीस पट्ट्या, एकही भिजली नाही. शाळामास्तर झालास तरी गठ्ठा बांधायला विसरला नाहीस. माझ्या मावशीचा मुलगा शोभतोस.

आता बातमी ऐक. हैदराबादच्या सरकारी दुकानाला घोंगड्या पाहिजेत, आणि त्या कमठाण्याच्या धनगरवाड्यातल्याच पाहिजेत. साहेब नवा, मद्रासकडचा. म्हणाला, "कमरेचा माग म्हणजे काय?" तोंडानं सांगून काय कळणार! मी धोतराचा सोगा सोडला, एक टोक त्याच्या टेबलाच्या पायाला बांधलं, दुसरं कमरेला, आणि मागं रेललो. म्हटलं, "साहेब, ह्या मागाला चौकट नाही. बाईची कंबर हीच चौकट. ती मागं रेलली की ताणा ताठ, पुढं वाकली की सैल. लाकडी फळीनं ठोके मारत एक पट्टी विणायची, अशा दोन पट्ट्या शिवल्या की एक घोंगडी." टेबल सरकलं, दौत कलंडली, पण काम मिळालं.

पुढचं नेहमीसारखं चावडीपुढच्या लिंबाखाली बायकांना बसवून मोठ्यानं वाच.

मल्लव्वा, तुझ्या पट्टीत पाणी ओतलं तर ठरेल. पण काठ वाकडा आलाय. नवऱ्याशी भांडलीस की तुझा काठ वाकडा होतो हे मला दहा वर्षांपासून माहीत आहे. मिटवून टाक. तुकाबाई, लोकर नीट पिंजत जा. माझ्या बोटात तीन कुसळं शिरली, त्यांचा मान म्हणून मी शिव्या दिल्या नाहीत.

आणि म्हाळसा. तिच्या ह्या चार पट्ट्या मी पुन्हा पुन्हा हातात घेतल्या. ताणा सैल, ठोका जड. कमरेचा पट्टा चार बोटं तरी सोडलेला दिसतोय. बाई अंगानं भरली, मागं रेलणं जड जायला लागलं, की पट्टीत हे असं उतरतं. श्रावणात मी तिथं आलो होतो तेव्हाच मला वास आला होता. तिची सासू नागूबाई ओट्यावर माझ्यापुढं बसून तंबाखू मळत होती, आत माग चालला होता. धप्प, मग जरा थांबून धप्प. असा सावकाश ठोका म्हाळसाचा कधी नसतो. तेवढ्यात तीच पाण्याची घागर घेऊन आली, मला दूध तापवून दिलं, म्हणून विचारायचं राहिलं.

मी आजवर सात जणींची बातमी पट्टीवरून ओळखली. सासवांच्या आधी माझं खोबरं पोचलं. ही आठवी. मेंढ्यांमागं गेलेला तिचा नवरा धुळाप्पा पावसाळ्यात घरी टेकून गेला म्हणायचा! म्हाळसासाठी सोबत खोबरं आणि खारकांची पुडी पाठवली आहे. डिंक तिथलाच घ्या.

तुझ्या निलम्माला आशीर्वाद.

वीरभद्रप्पा


कमठाणा, २७ ऑक्टोबर १९५१

ती. वीरभद्रप्पा अण्णांस काशप्पाचे शरणार्थ.

अण्णा, हे पत्र लिहायला तीन दिवस लागले. तुमचं पत्र बुधवारी आलं. 

चूक माझी. आधी मनात वाचून मग मोठ्यानं वाचावं हे मी पोरांना रोज शिकवतो. पण तुमची पत्रं म्हणजे वाड्याला सण. वीस-बावीस बायका लोकर कातत बसल्या होत्या, चार म्हातारे चिलीम ओढत होते. तुमची पुडी आधीच म्हाळसाच्या हातात देऊन मी म्हटलं, "अण्णांनी तुला पाठवलंय, कशाला ते ऐक." मल्लव्वाचा काठ वाचला तेव्हा ती स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसली. त्याच हसण्यात मी पुढं वाचत गेलो. 'सात जणींची' इथं माझी जीभ अडखळली. पण तोवर सगळं तोंडातून निघून गेलं होतं.

तुम्हाला माहीत नाही, अण्णा. मला माहीत होतं आणि मी कधी लिहिलं नाही, कारण पोलिसांची गोष्ट पत्रात कशाला घालायची असं वाटलं. धुळाप्पा मेंढ्यांमागं गेलेला नाही. तीन वर्षांपूर्वी रझाकारांच्या तळावर त्याच्या चाळीस मेंढ्या नेल्या. नेल्या म्हणजे बंदूक दाखवून नेल्या आणि त्यालाच हाकत न्यायला लावल्या. पोलीस अ‍ॅक्शन झाल्यावर कुणीतरी त्याचं नाव दिलं, 'ह्यानं रझाकारांना मेंढ्या पुरवल्या.' वॉरंट निघालं. तो पळाला तो आजपर्यंत गावात कुणाला दिसलेला नाही. कुणी सोलापूर म्हणतं, कुणी म्हणतं मेला.

तीन वर्षं नवरा नाही, आणि लिंबाखाली बाईच्या हातात डोहाळ्याचं खोबरं!

कातणाऱ्या बायकांच्या चात्या हातात तशाच थांबल्या. एकजण तेवढी म्हणाली, "अगो बया." म्हाळसानं पुडी पारावर ठेवली, पदर सारखा केला आणि चालत घरी गेली.  तिनं मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून तिला पाणी भरायला कुणी वाट देत नाही. सासू नागूबाई मात्र एक शब्द बोलत नाही. तुकाबाईनं तिला तोंडावर विचारलं, "सुनंला घरात कामून ठिवलीस?" तर म्हातारी म्हणाली, "माझी सून हाय, मी बघून घीन." ह्याचंच वाड्याला जास्त नवल वाटतंय.

काय करू ते कळवा.

काशप्पा


गुलबर्गा, ३० ऑक्टोबर १९५१

काशप्पा,

आज लक्ष्मीपूजन. दुकानात दिवे लागलेत आणि मी आतल्या खोलीत गठ्ठ्यावर बसलोय. बायको दोनदा हाक मारून गेली. 

पाठीवर घोंगड्यांचा गठ्ठा घेऊन मी चाळीस गावचे बाजार केले. कुणाची जात, कुणाची नड, कुणाचं खोटं, सगळं कानानं ओळखत आलो. आणि एका बाईला असं भर गावात उभं केलं! कुणी थोबाडीत मारली असती तरी एवढा सुन्न झालो नसतो.

सोबत वेगळा कागद आहे. तो लिंबाखाली मोठ्यानं वाच. त्यात लिहिलंय की म्हाळसाच्या ताण्याला चिंचोक्याची खळ पातळ लागली म्हणून वीण सैल आली, आणि म्हाताऱ्या वीरभद्रप्पाला डोळ्यांनी दगा दिला. खोटं आहे. खळ चांगली आहे. पण वाच.

वीरभद्रप्पा


कमठाणा, ४ नोव्हेंबर १९५१

ती. अण्णांस शरणार्थ.

वाचलं. काही उपयोग झाला नाही. उलट धनगरांचा कारभारी तुळजाराम हसला. म्हणाला, "मास्तर, सावकाराचं सातदा खरं झालं, आठव्यांदाच खोटं कामून हुईल? खळ पातळ म्हणं! पोटाला खळ लावत्यात व्हय?" सगळे हसले. तुमचा नावलौकिकच आडवा आला, अण्णा.

ह्याच्या पुढचं लिहिताना मला लाज वाटते. शुक्रवारी तुळजारामानं सुईण पाठवली. म्हाळसानं दार उघडलं, तपासून घेतलं. सुईण बाहेर येऊन म्हणाली, "काय बी न्हाई. पोट पाठीला लागलंय."

मला वाटलं, सुटली. मी निलम्माला सांगायला घरी पळालो. परत येतो तर वाड्यात दुसरंच सुरू. "व्हतं. आता न्हाई. काय केलंस गं त्येचं?"

अण्णा, मी मास्तर माणूस, मला वाटायचं पुरावा मिळाला की माणूस गप्प बसतो. इथं पुराव्यानं आणखी वाईट केलं. आधी नुसती बदनामी होती, आता पाप झालं.

पुढच्या रविवारी, अकरा तारखेला, मल्लण्णाच्या देवळापुढं पंच बसणार. कमरेचा पट्टा घेऊन ये म्हणून तिला निरोप गेलाय. हा पट्टा म्हणजे बैलाच्या कातड्याचा, मुलीला आई देते आणि तिच्या मरणापर्यंत दुसरी कुणी बांधत नाही. तिनं समाधानकारक उत्तर दिलं नाही तर पंच तो पट्टा कापणार. पट्टा कापलेल्या बाईला ह्या वाड्यात ना माग मिळतो, ना लोकर, ना आग. घरदार सोडून जायचं.

मी तिला भेटलो. दारातच उभी राहिली, मला आत येऊ दिलं नाही. म्हटलं, "म्हाळसा, पट्टा खरंच सैल केलावतास का? कशासाठी? एवढं सांग, मी पंचांपुढं बोलतो." माझ्याकडं बघून म्हणाली, "मास्तर, तुमी लई बोललाव. आता ऱ्हाऊ द्या."

काशप्पा


गुलबर्गा, १० नोव्हेंबर १९५१

काशप्पा,

हे एकट्यानं वाच. दार लावून वाच. निलम्मालाही मोठ्यानं वाचून दाखवू नकोस.

तुझं पत्र मंगळवारी आलं. तेव्हापासून म्हाळसाच्या त्या चार पट्ट्या माझ्या मांडीवर आहेत. 'पोट पाठीला लागलंय' हे वाचलं आणि मनात आलं, मग पट्टा चार बोटं सोडला कुणासाठी? कारण सोडला आहे हे नक्की. त्यात मी चुकलेलो नाही.

मग एकदम कानात तो श्रावणातला ठोका आला. धप्प, मग जरा थांबून धप्प. काशप्पा, मीच माझ्या पत्रात लिहिलं होतं, तू मोठ्यानं वाचलं होतंस, गावानं ऐकलं होतं, आणि कुणाच्याच ध्यानात आलं नाही! नागूबाई माझ्यापुढं ओट्यावर तंबाखू मळत होती. म्हाळसा बाहेरून घागर घेऊन आली. त्या घरात तिसरी बाई नाही. मग आत माग कोण ठोकत होतं?

मी उठून उभा राहिलो.  पट्ट्या उजेडात धरून पुन्हा पाहिल्या. ठोका जड म्हणजे भरलेली बाई असं मी वाचलं होतं. जड ठोका बाईचा नव्हताच. ताणा सैल, कारण हात नवा. पट्टा चार बोटं सोडलेला, कारण कंबर रुंद. ती कंबर कुणाची हे आता तुला सांगायला नको. नावही लिहीत नाही. सासू गप्प का, बाई दारात आडवी का उभी राहिली, सगळं लागलं की नाही एका रांगेत? ती स्वतःचा पट्टा कापून घेईल, घर सोडून जाईल, पण तोंड उघडणार नाही. उघडलं तर पोलीस येतील.

आता दुसरं ऐक आणि खाली बस. महादेवप्पा वकील बुधवारी कामासाठी बिदरला निघाले होते. त्यांना मी कुणाचं नाव न घेता म्हटलं, मेंढ्यांच्या खटल्यांचं काय झालं तेवढं बघून या. ते आज सकाळी हुकमाची नक्कल घेऊन आले. त्या खटल्यातली नऊ नावं काढून टाकलेली आहेत. जबरदस्तीनं मेंढ्या नेल्या हे मान्य झालं. तुझ्या गावचं नाव पाचवं आहे. हुकूम जून १९५० चा! कचेरीच्या फळ्यावर उर्दूतला कागद लागला होता म्हणे. पळालेला माणूस तो कागद वाचायला कचेरीत जाणार होता काय?

म्हणजे सतरा महिने झाले, त्याला कुणी शोधत नाही.

नक्कल सोबत आहे. टपालावर विश्वास नको म्हणून अमृतप्पाच्या लॉरीवर हे पत्र देतोय. उद्या दुपारपर्यंत त्यानं पोचवायचं कबूल केलंय. पंच बसण्याआधी मिळालं तर नक्कल म्हाळसाच्या हातात दे. ती मोठ्यानं वाचायची की नाही, ते ती ठरवील.

वीरभद्रप्पा


कमठाणा, १३ नोव्हेंबर १९५१

ती. अण्णांस शरणार्थ.

अमृतप्पाची लॉरी घाटबोरळच्या ओढ्यात रुतली. तुमचं पत्र मला रविवारी दिवस मावळायच्या सुमारास मिळालं. पंच सकाळीच बसले होते. झालं ते क्रमानं लिहितो.

देवळापुढं काळी घोंगडी अंथरली होती, तीवर भंडारा टाकला होता. तुळजाराम मध्ये, कातर त्याच्या पुढ्यात. म्हाळसा उभी. त्यानं पट्टा हातात घेऊन तिच्या कमरेभोवती लावायला सांगितलं. बायकांनी लावला. पट्ट्याला जुनं भोक होतं, ते बरोबर बसत होतं. त्याच्यापुढं चार बोटांवर नवं भोक पाडलेलं, तिथं बांधला तर पट्टा घसरून खाली यायला लागला.

"ह्ये भोक कुणासाठी पाडलंस?" तुळजाराम म्हणाला.

म्हाळसा कातरीकडं बघत राहिली.

"मल्लण्णाची आण हाय तुला. बोल."

"कापा," म्हाळसा म्हणाली.

एवढंच. 'कापा.'  तुळजारामानं पट्टा मागून घेतला आणि कातर उचलली.

तेवढ्यात मागच्या बाजूच्या बायका किंचाळल्या. मी वळून पाहिलं. नागूबाईच्या घराकडून एक माणूस चालत येत होता. उन्हाला डोळे मिचकावत, हात पुढं धरून, आंधळ्यासारखा. दाढी छातीपर्यंत, अंग तांदळासारखं पांढरं. धनगराचं अंग इतकं पांढरं मी कधी पाहिलं नाही. दोन म्हातारे 'भूत' म्हणून उठले. नागूबाई तेवढी बसल्या जागी कपाळ बडवून म्हणाली, "आरं कामून आलास रं माझ्या राजा!"

धुळाप्पा होता.

आठ महिने कणगीमागच्या खोलीत. होळीला चोरून घरी आला तो बाहेर पडलाच नाही. त्यानं तुळजारामाच्या हातातून पट्टा घेतला आणि सगळ्या वाड्यासमोर, सगळ्या बायकांसमोर, स्वतःच्या कमरेला बांधला. नवं भोक बरोबर बसलं.

"म्या इणलंय," तो म्हणाला. "ती मेंढ्या बघती, शेतात जाती, पाणी भरती. म्या अंधारात बसून काय करू? तिनं शिकिवलं. चार बोटं माझी हायेत. आता काय कापायचं त्ये कापा."

 तुळजाराम त्या पट्ट्याकडं बघतच राहिला. शेवटी म्हणाला काय, तर, "आरं, बाईचा पट्टा बांधलास व्हय रं? गड्यानं?" तीन वर्षांनी माणूस मेलेला उठून आला, आणि कारभाऱ्याला पहिलं हे सुचलं! मल्लव्वा हसली. मग रडली. मग सगळ्याच.

पण म्हाळसा हसली नाही. ती त्याच्यावर धावून गेली, दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारत सुटली. "आठ म्हैनं झाकलं तुला! येका शब्दानं बोलले न्हाई! तू कामून आलास? आता नेत्याल न्हवं तुला!"

धुळाप्पा म्हणाला, आता सगळ्यांनी पाहिलंच आहे, पोलीस घरी येण्यापेक्षा मीच जातो. भाकरी बांधून घेतली आणि उन्हं कलल्यावर दोघं पायी बिदरला निघाली. मी तेव्हा काहीच करू शकलो नाही.

तुमचं पत्र वाचलं आणि सायकल काढली. ती दोघं बिदरच्या अलीकडं, तांबड्या दगडांच्या चढावर सापडली. मी दम खात ओरडलो, "थांबा! वॉरंट नाही! रद्द झालंय!" नक्कल दाखवली. धुळाप्पा भाकरीचं गाठोडं ठेवून रस्त्यातच बसला. म्हाळसानं मात्र तो कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि मला विचारलं, "कवापासनं?"

मी सांगितलं. गेल्या वर्षीच्या जूनपासून.

ती बोटं मोजायला लागली. जून, पोळा, दसरा, संक्रांत, होळी. होळीवर बोट थांबलं.

"म्हंजी ह्यो घरात लपाया आला, त्येच्या आधीच?"

"आधीच."

"म्हंजी येक दीस बी लपायचं न्हवतं?"

मी मान डोलावली. अण्णा, मी तिच्या चेहऱ्याकडं पाहू शकलो नाही. लिंबाखाली, सुईणीपुढं, पंचांपुढं जी बाई हलली नव्हती, ती त्या चढावर वाकली आणि एक दगड उचलून समोरच्या मैलाच्या दगडावर मारला. मग दुसरा. मग तिसरा. धुळाप्पानं तिचा हात धरला नाही. त्यानंही एक दगड उचलला.

काशप्पा


कमठाणा, २० नोव्हेंबर १९५१

वीरभद्रप्पा आण्णांस म्हाळसाचा रामराम. लिवणार मास्तरीण निलम्मा. म्या बोलती तसंच लिवायचं, सुदारायचं न्हाई, आसं तिला सांगितलंय.

आण्णा, तुमची नक्कल घरात आरशामागं ठिवलीया. वकिलाला तुमी धाडलं त्ये मास्तरानं सांगितलं. तुमच्यामुळं त्यो उन्हात आला, ह्ये बी खरं. तुमच्यामुळंच कातर बी माझ्या पट्ट्यावर आली व्हती, ह्ये बी खरं. दोनी ध्यानात ठिवणार.

तुमी पट्टी वाचता. वाचा. पर इणताना बाई येकटी आसती, तिला वाटतं आपण धाग्याशी बोलायलोय, दुसरं कोण ऐकत न्हाई. तुमी ऐकलं त्ये ऐकलं. लिंबाखाली कामून सांगितलं? त्या सात जणींस्नी इचारलं व्हतं का? त्या हसल्या म्हणून तुमास्नी वाटलं आवडलं. मल्लव्वा म्हणती, तिच्या येळला तिनं पैल्यांदा नवऱ्याला सांगायचं मनात धरलं व्हतं. तुमचं खोबरं आधी पोचलं. त्यो आज बी तिला म्हणतो, सावकाराला कळलं, मला न्हाई.

खोबरं माघारी पाठवती. कुणी खाल्लं न्हाई.

माझं येकच मागणं. जितक्या मोठ्यानं त्ये वाचलं, तितक्याच मोठ्यानं, त्याच लिंबाखाली, तुमी चुकलाव ह्ये वाचलं पायजे. खळ-बिळ न्हाई. खरं.

धुळाप्पा म्हणतो, त्येच्या पट्ट्या चालत्याल का इचार. आता उजेडात इणायलाय. गाव हसतंय. हसू द्या.

म्हाळसा


गुलबर्गा, २४ नोव्हेंबर १९५१

हे लिंबाखाली मोठ्यानं वाचावं. काशप्पानं आधी मनात वाचून घ्यावं.

कमठाण्याच्या धनगरवाड्यातल्या सगळ्यांना वीरभद्रप्पाचे शरणार्थ.

मी पट्टीवरून एका बाईची बातमी सांगितली. ती खोटी होती. म्हाळसानं काही केलं नव्हतं. मला दिसलं ते अर्धं, आणि मी पूर्ण असल्यासारखं लिहिलं, कारण तुम्ही हसता आणि मला ते आवडतं. खळ पातळ होती असं मी पुन्हा कळवलं, तेही खोटं. खळ चांगली होती. सुईण, पंच, पाण्याची वाट, हे सगळं माझ्या एका ओळीतून निघालं. ज्यांनी ती ओळ उचलून पुढं नेली त्यांनी आपलं आपण बघावं. माझा वाटा मी पदरात घेतो.

मल्लव्वा, तुझ्या नवऱ्याला सांग, सावकार आगाऊ आहे.

धुळाप्पाच्या पट्ट्या चालतील. ठोका हलका कर, बाबा. घोंगडी अंगावर घ्यायची असते.

वीरभद्रप्पा


गुलबर्गा, १२ जून १९५२

चि. काशप्पास आशीर्वाद.

हे तुझ्यापुरतं.

पेरणीआधीचा गठ्ठा मिळाला. धुळाप्पाचा हात सुधारला आहे. त्याचा आणि तिचा फरक आता मलाही बोट फिरवून बघावा लागतो.

म्हाळसाची शेवटची पट्टी पाहिली. ठोका तिचाच, चटचट, हलका. पट्टीच्या मधापर्यंत ताणा तारेसारखा. तिथून पुढं कमरेचा पट्टा दोन बोटं सैल. मी उजेडात नेली, पुन्हा पाहिली, डोळे मिटून बोट फिरवलं. मग पट्टी घडी घालून इतर पट्ट्यांमध्ये ठेवून दिली.

मी काही म्हणत नाही. तूही म्हणू नकोस. निलम्माच्या चेहऱ्यावरूनही काही दिसता कामा नये.

खोबऱ्याची पुडी बांधून दुकानात ठेवली आहे. निरोप त्या घरून येईल, तेव्हाच ती इथून निघेल.

वीरभद्रप्पा